सीआयसी वेळेवर, तरीही कपडे ओले: गळतीचं कारण तीन दिवसांच्या वहीतून कसं शोधायचं

मणक्याला इजा झालेल्या माणसाच्या घरात एक चक्र हमखास चालू असतं. दिवसातून चारदा नळी घालून लघवी काढतात (ठरावीक वेळी स्वच्छ नळीनं मूत्राशय रिकामं करायची ही पद्धत म्हणजेच सीआयसी), तरी मधल्या वेळात पँट नाहीतर चादर ओली होते. ओली होते म्हणून पाणी कमी करतात. पाणी कमी झालं की लघवी गडद होते, वास मारते, थंडी वाजून ताप येतो, अँटिबायोटिकचा कोर्स होतो. पंधरा दिवस बरे जातात आणि पुन्हा चादर ओली. मग कुणीतरी सुचवतं, कायमची पिशवी लावून टाका, कटकट मिटेल.

पिशवी लावायची वेळ कधी येतेही. पण त्याआधी गळती कशामुळे होते हे कळायला हवं. कारणं पाच-सहा आहेत आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलट जातात. मूत्राशय फार भरून सांडत असेल तर नळी लवकर घालावी लागते. ते अर्धवट भरल्यावरच आकुंचन पावत असेल तर नळी कितीही वेळा घाला, गळणारच. तिथे औषध लागतं. दोन्हीकडे चादर सारखीच ओली असते, फरक कळतो तो मोजल्यावर.

ही लक्षणं असतील तर वही बाजूला ठेवा

इजा टी ६ (छातीच्या भागातली सहावी पातळी) किंवा त्याच्या वरची असेल (मानेची दुखापत यातच आली) आणि अचानक डोकं ठणकू लागलं, चेहरा-मान लाल झाली, इजेच्या वरच्या अंगाला घाम फुटला, नाक चोंदलं, अंगावर काटा आला, तर हा ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया आहे. तुंबलेलं मूत्राशय हे त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. रक्तदाब झपाट्यानं चढतो आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

माणूस आडवा असेल तर उठवून ताठ बसवा, पाय खाली सोडा. पोटाचा पट्टा, घट्ट मोजे, नाडी सैल करा. दर दोन ते पाच मिनिटांनी बीपी घ्या. सीआयसी करत असाल तर लिग्नोकेन जेली लावून लगेच नळी घाला. फॉली (फुग्यानं आत टिकवलेली, पिशवीला जोडलेली कायमची नळी) असेल तर नळीला घडी पडली आहे का, ती मांडीखाली दबली आहे का, पिशवी भरली आहे का ते पाहा. तरी थेंब येत नसेल तर शरीराइतकं कोमट सलाइन, फक्त १० ते १५ मि.ली., हळूहळू आत सोडा. मोकळी झाली नाही तर फॉली बदला. अशा वेळी पोट दाबणं, ओटीपोटावर थोपटणं सक्त टाळा, त्यानं दाब आणखी चढतो. लघवी निघूनही बीपी उतरत नसेल तर पुढचा संशय शौच अडकल्याचा, मग बेडसोर, नख आत रुतणं वगैरे. घरी थांबू नका, कॅज्युअल्टी गाठा.

तिथे गेल्यावर एक गोष्ट आपणहून सांगायची: 'यांचा नेहमीचा बीपी किती असतो.' मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची इजा असलेल्यांचा वरचा आकडा एरवी ९० ते ११० असतो. मशीनवर १४० दिसला की नव्या माणसाला तो फारसा वाढलेला वाटत नाही, पण या रुग्णासाठी तो धोक्याचा असतो. वरचा आकडा १५० च्या पुढेच राहिला तर उतरवायचं औषध लागतं. ते कोणतं, हे तुमच्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन कागद पाकिटात ठेवा. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल (लिंगाच्या ताठरतेसाठीची गोळी) घेतलं असेल तर संकोच न करता सांगा. त्यावर नायट्रेट (बीपी उतरवायचं एक औषध) दिलं तर बीपी धोकादायकरीत्या कोसळतो.

थंडी वाजून ताप, ओटीपोट फुगूनही लघवी न येणं, रक्ताच्या गाठी पडणं, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना.

तीन दिवसांची वही

बाकी सगळ्यांनी आधी हे करायचं. एक साधी वही, आकडे असलेलं एक लिटरचं मोजपात्र आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा. सलग तीन दिवस, रात्रीसकट. युरोबॅगवरच्या रेषांवर विसंबू नका, त्या अंदाजाच्या असतात.

प्रत्येक वेळी लिहायचं ते असं: वाजले किती, काय आणि किती प्यायलं (चहा, ताक, वरण, टरबूज हेही त्यातच), नळीतून किती मि.ली. निघाली, त्याआधी गळती झाली होती का, झाली तेव्हा काय चाललं होतं. खुर्चीतून पलंगावर जाताना, खोकताना, पाय ताठले तेव्हा, की झोपेत? डायपर वापरत असाल तर कोरड्याचं वजन एकदा करून ठेवा. ओल्याच्या वजनातून ते वजा करा. १ ग्रॅम म्हणजे साधारण १ मि.ली. शौच कोणत्या दिवशी झालं तेही लिहा. हा रकाना बरेच जण सोडून देतात, आणि नेमकं तिथेच कारण दडलेलं असतं.

या तीन दिवसांत काही बदलू नका. पाणी कमी केलं, नळीची वेळ पुढेमागे केली तर वही तुमची नेहमीची अवस्था दाखवणार नाही.

आकडा ५०० च्या वर जात असेल

मोठ्या माणसाचं मूत्राशय एका वेळी ५०० मि.ली.च्या पुढे भरू द्यायचं नाही. ४०० च्या आत राहिलं तर उत्तम. गळलेली लघवी यात मिळवायला विसरू नका: नळीतून ४५० निघाली आणि डायपरमध्ये २०० होती, तर मूत्राशयावर ६५० चा भार पडला होता.

इथे हिशेब सरळ आहे. दिवसभरात २,४०० मि.ली. लघवी होते आणि नळी चारदा घालता, म्हणजे सरासरीच ६००. सहादा घातली तर ४००. म्हणून 'दर सहा तासांनी' असं कुणी एकदा लिहून दिलेलं वेळापत्रक जन्मभर पुरत नाही. ते तुमच्या लघवीच्या मापानं बदलायचं. साधारणपणे दिवसातून चार ते सहा वेळा लागते. सहानंही भागत नसेल तर आधी पिणं पाहा. साडेतीन-चार लिटर पाणी 'किडनी साफ राहावी' म्हणून पिणारे बरेच आहेत. सीआयसी करणाऱ्याला दिवसाला दीड ते दोन लिटर लघवी होईल एवढं पाणी पुरतं, आणि तेही दर दोन तासांनी एक पेला असं वाटून घेतलेलं. जेवताना एकदम पाऊण लिटर प्यायलात तर पुढच्या दोन तासांत मूत्राशय काठोकाठ.

दिवसा ठीक, पहाटे चादर ओली

वहीत रात्री साडेदहाला २०० आणि सकाळी साडेसहाला ८५० असं दिसलं तर हा वेगळाच प्रकार आहे. दिवसभर खुर्चीत बसून पायांत पाणी उतरतं, घोट्याशी सूज येते. झोपलं की तेच पाणी रक्तात परत येतं आणि मूत्रपिंडं रात्रभर ते बाहेर टाकत राहतात. शिवाय रात्री लघवी कमी करणारा संप्रेरकाचा नैसर्गिक ताल मानेच्या इजेत बिघडतो. रात्रीचं पाणी तोडून हे पूर्ण थांबत नाही, कारण ते पाणी आधीच अंगात असतं.

चार ते सहाच्या दरम्यान तासभर आडवं व्हा, पाय उशीवर उंच. उठताना नळी घाला. पायांत उतरलेलं पाणी असं दिवसाउजेडीच निघून जातं. संध्याकाळी सातनंतर घोट-घोटच. उन्हाळ्यात रात्री जेवणानंतर टरबुजाची फोड किंवा उसाचा रस घ्यायची सवय असेल तर ती दुपारवर न्या. झोपण्याआधी एकदा नळी आणि गरज असेल तर रात्री दोन-अडीचला गजर लावून एकदा. घरातल्या माणसाची झोप मोडते, हे खरंच अवघड आहे. फक्त रात्रीपुरती नळी ठेवून पिशवीला जोडायची की गोळीनं रात्रीची लघवी कमी करायची, हे डॉक्टरांशी बोलून ठरवता येतं. मात्र डेस्मोप्रेसिनसारखी गोळी रक्तातलं सोडियम तपासत राहूनच द्यावी लागते, दुकानातून आणून सुरू करण्यातली ती नाही.

आकडे लहान, तरी गळती

वहीत १५०, १८०, १२० असे आकडे आणि प्रत्येकाच्या आधी ओलं, असं असेल तर इथे जास्त थांबायला हवं, कारण मूत्रपिंडाला खरा धोका याच प्रकारात असतो.

लघवीचं केंद्र पाठीच्या कण्याच्या एस २ ते एस ४ या टोकाकडच्या भागात असतं. इजा त्याच्या वर असेल तर केंद्र शाबूत राहतं, पण मेंदूचा ताबा सुटतो. मूत्राशय थोडं भरलं की आपोआप आकुंचन पावतं. त्याच वेळी खालचा स्नायू उघडायचा सोडून आवळून बसतो. आतला दाब वाढत जातो, थोडी लघवी बाहेर झिरपते आणि उरलेला दाब वर मूत्रपिंडांवर जातो. लघवी गळायला लागते तेव्हा आतला दाब ४० सें.मी. पाण्याच्या वर असेल तर मूत्रपिंडं खराब होण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेतल्या मॅग्वायर यांनी १९८१ मध्ये दाखवलं आणि आजही तोच आकडा वापरला जातो. यात दुखत काहीच नाही. सूज मूत्रपिंडापर्यंत गेली तरी माणसाला पत्ता लागत नाही. उलटही होतं: कपडे कोरडे राहतात, सगळे निश्चिंत असतात आणि आत दाब साठत असतो.

ही गळती बहुतेकदा इजेनंतर दीड-दोन ते तीन महिन्यांनी सुरू होते. आधीचे आठवडे स्पायनल शॉकचे असतात, मूत्राशय ढिलं असतं, नुसतं भरत राहतं. मग एक दिवस आपोआप लघवी होते आणि घरच्यांना आशा वाटते की नियंत्रण परत येतंय. ती आशा समजण्यासारखी आहे, म्हणूनच हे स्पष्ट सांगायला हवं: आपोआप झालेली लघवी म्हणजे रिफ्लेक्स परत आला. ताबा परत आला की नाही ते वेगळ्या तपासणीतून कळतं. 'आता आपोआप होते' म्हणून सीआयसी बंद करणं ही या टप्प्यावरची सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

औषध मागण्याआधी तीन गोष्टी बाद करा: संसर्ग, मूतखडा, तुंबलेला मळ. तिन्ही मूत्राशयाला चिडवतात. तीन दिवस शौच झालं नसेल तर गळतीचं औषध वाढवण्याआधी पोट साफ करा. भरलेलं गुदाशय मागून मूत्राशयावर दाबत असतं.

हे बाद झाल्यावर डॉक्टर मूत्राशय शांत करणारी गोळी देतात. ऑक्सिब्युटिनिन ५ मि.ग्रॅ. दिवसातून दोन-तीनदा, सोलिफेनासिन ५ ते १० मि.ग्रॅ. एकदा किंवा मिराबेग्रॉन ५० मि.ग्रॅ. एकदा, ही नेहमीची नावं. पहिल्या दोहोंनी तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता होते. तोंड कोरडं म्हणून जास्त पाणी, बद्धकोष्ठतेनं मूत्राशयावर दाब, म्हणजे गोळी सुरू असूनही गळती. डोस वाढवण्याआधी वहीतला शौचाचा रकाना पाहा, म्हणतो ते यासाठीच. वयस्कर माणसात ऑक्सिब्युटिनिननं विसराळूपणा, गोंधळ होऊ शकतो. मिराबेग्रॉननं बीपी वाढू शकतो. आणि या गोळ्या सीआयसीच्या जोडीनंच घ्यायच्या. मूत्राशय शांत केलं आणि रिकामं केलं नाही तर ते तुंबणारच.

गोळ्यांनी भागलं नाही तर मूत्राशयाच्या भिंतीत बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं, मज्जासंस्थेच्या कारणासाठी २०० युनिट. परिणाम साधारण सहा ते नऊ महिने टिकतो, मग पुन्हा द्यावी लागतात.

ओटीपोट मुठीनं दाबून किंवा कुंथून लघवी काढायची जुनी पद्धत अजून काही घरांत शिकवली जाते. दार आवळलेलं असताना बाहेरून दाब दिला तर लघवी वर मूत्रपिंडाकडे चढू शकते. मूळव्याध, हर्निया वेगळेच. हे करू नका.

खुर्चीतून उतरताना, खोकताना गळतं

इजा अगदी खाली, बारावा छातीचा किंवा पहिला कमरेचा मणका आणि त्याखाली असेल तर लघवीचं केंद्र किंवा त्याच्या नसाच दुखावलेल्या असतात. मूत्राशय ढिलं आणि दारही ढिलं. पोटावर ताण आला की सांडतं. वरच्या गोळ्या इथे फारशा कामाच्या नाहीत, कारण शांत करायला आकुंचनच नसतं. खुर्चीवरून हलण्याआधी नळी घालून घेणं हा साधा उपाय बराच भाग निभावतो. पुरुषांना जोडीला कंडोम कॅथेटर चालतो, पण तो फक्त बाहेर आलेलं गोळा करतो, मूत्राशय रिकामं करत नाही, म्हणून सीआयसी सुटत नाही. रोज काढून, धुऊन, कातडी वाळवून नवा लावायचा. संवेदना नसल्यानं घट्ट बसलेला कंडोम कळत नाही आणि जखम होते.

नळी घातली, पण पूर्ण रिकामं झालं का?

नळी काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांतच ओलं होत असेल तर आत उरत आहे. धार थांबली की नळी झटकन ओढणं हे याचं मुख्य कारण. नीट पद्धत अशी: लघवी सुरू झाली की नळी आणखी दोन-तीन सें.मी. आत. धार थांबली की एक सें.मी. मागे घ्या, थांबा. पुन्हा धार येते. अशी पायरी-पायरीनं मागे घेत, शेवटी थोडं पुढे वाकून किंवा खोकून, मग टोक चिमटीत धरून बाहेर. धार मध्येच अचानक तुटली तर नळीची भोकं आतल्या अस्तराला चिकटली असतील, नळी बोटांत थोडी फिरवा. शक्य असेल त्यानं बसून करावं, झोपून तळाशी थोडं राहून जातं.

पुरुषांमध्ये शिश्न पोटाकडे उचलून सरळ धरलं की पहिलं वळण निघून जातं. पुढे अडथळा लागतो तो आवळलेला स्नायू असतो. रेटू नका. नळी तिथेच हलका दाब ठेवून धरा, लांब श्वास सोडा, अर्ध्या-एक मिनिटात स्नायू सैल होतो. जेली आत सोडून तीन-पाच मिनिटं थांबलात तर बरंच सोपं जातं. रोज अडत असेल, रक्त येत असेल तर जोर लावत राहू नका, खोटी वाट पडते, युरोलॉजिस्टला दाखवा. बायकांमध्ये नळी चुकून योनीत गेली तर ती तिथेच राहू द्या, ती खूण होते. दुसरी स्वच्छ नळी तिच्या वरच्या छिद्रात घाला, मग पहिली काढा.

माप: पुरुषांना १२ किंवा १४ नंबर, बायकांना १० ते १४. मागच्या टोकाचा रंग सगळीकडे सारखा असतो: १० काळा, १२ पांढरा, १४ हिरवा, १६ नारिंगी. नागपुरात गांधीबागच्या दवाबाजारात किंवा मेडिकल चौकातल्या दुकानांत मागताना 'नेलाटॉन कॅथेटर' म्हणा आणि रंग बघून घ्या. नुसतं 'नळी द्या' म्हटलं तर नाकातून घालायची रायल्स ट्यूबही हातात येऊ शकते. लांबीही पाहा. बायकांची आखूड नळी, साधारण २० सें.मी.ची, पुरुषाला पुरत नाही. त्यांना ४० सें.मी.ची लागते.

दर महिन्याला 'इन्फेक्शन'

नियमित नळी घालणाऱ्या बहुतेकांच्या लघवीत जंतू सापडतातच, पस सेल्सही वाढलेले असतात. त्रास नसताना आलेला असा रिपोर्ट पाहून अँटिबायोटिक घेतलं तर ते जंतू जातात आणि त्या गोळीला न जुमानणारे येतात. खरा संसर्ग म्हणजे त्यासोबत लक्षणं: ताप, थंडी, पायांचा ताठरपणा एकदम वाढणं, नव्यानं गळती, डिसरिफ्लेक्सियाचे झटके, अंग गळून जाणं. नुसता वास किंवा गढूळपणा असेल तर आधी एक-दोन दिवस पाणी वाढवून आणि नळीची एक फेरी वाढवून पाहा.

कल्चर (लघवीत कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधीच द्यायचं. नमुना नव्या नळीतून, पहिली धार सोडून, निर्जंतुक डबीत. पिशवीतली लघवी कल्चरला कधीच देऊ नये. तासाभरात लॅबमध्ये पोहोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात नागपुरात स्कूटरच्या डिकीत तास-दोन तास राहिलेल्या डबीत जंतू वाढत राहतात, तो रिपोर्ट फसवा.

खरा संसर्ग पुन्हा पुन्हा होत असेल तर लोक आधी हातमोजे आणि अँटिसेप्टिककडे वळतात. १९७२ मध्ये जॅक लॅपिडस यांनी निर्जंतुक सोडून नुसत्या स्वच्छ नळीची पद्धत मांडली, तिचा पायाच हा होता की ताणलेल्या मूत्राशयाच्या भिंतीला रक्त कमी मिळतं आणि मग जंतूंशी लढणं तिला जमत नाही. म्हणजे साबणानं नीट धुतलेले हात आणि वेळेवर रिकामं केलेलं मूत्राशय, यातलं दुसरं जास्त मोलाचं. संसर्ग वारंवार होणाऱ्यानं वहीत आधी ५०० च्या वरचे आकडे शोधावेत. ते नसतील तर उरणारी लघवी, मग खडा.

नळी दर वेळी नवी वापरणं सर्वात चांगलं, पाकिटावरही तेच लिहिलेलं असतं. ते परवडत नसलेल्या घरांत साधी पीव्हीसी नळी धुऊन वापरतात. तसं करत असाल तर वापरल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, सिरिंजनं आतून पाणी सोडा, झटकून पूर्ण वाळवा आणि कोरड्या स्वच्छ डब्यात ठेवा. ओल्या नळीत जंतू वाढतात. पावसाळ्यात ती वाळायला वेळ लागतो, म्हणून दोन-तीन नळ्या फिरवून वापरा. उकळू नका, पीव्हीसी मऊ पडून वाकडी होते. कडक झाली, चिकट लागली, पिवळी पडली की फेका. एकाची नळी दुसऱ्याला नाही. पाण्यात भिजवून निसरडी होणारी लेपाची नळी मात्र धुऊन वापरायची नसतेच, लेप गेला की ती मूत्रमार्ग खरचटते.

फॉली आहे आणि बाजूनं गळतं

क्रमानं पाहा: नळीची घडी, पिशवी मूत्राशयापेक्षा वर आहे का, पिशवी दोन तृतीयांशाहून भरली आहे का, शौच. यानंतर उरतो तो मूत्राशयाचा झटका किंवा बंद पडलेली नळी. नळीचा नंबर वाढवणं आणि फुग्यात जास्त पाणी भरणं, हे दोन उपाय सर्रास केले जातात आणि दोन्ही बिघडवतात. मोठा फुगा मूत्राशयाला आणखी चिडवतो, जाड नळी मूत्रमार्ग झिजवते. १४ किंवा १६ नंबर, फुग्यात १० मि.ली. निर्जंतुक पाणी, सलाइन नाही. सलाइनमधल्या मिठाचे खडे फुग्याच्या बारीक मार्गात बसले तर फुगा रिकामा होत नाही.

फुगा भरण्याआधी लघवी वाहताना दिसलीच पाहिजे. पुरुषात नळी दुभाजकापर्यंत (मागे तिला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत) आत घालून मगच भरा. संवेदना असलेला माणूस मूत्रमार्गात फुगा फुगला तर ओरडतो. आपल्या माणसाला कळणारही नाही, फक्त रक्त येईल किंवा बीपी चढेल. नळी पुरुषांनी पोटावर, बायकांनी मांडीवर चिकटपट्टीनं बांधायची. लोंबती नळी महिन्यामहिन्यांत शिश्नाची खालची बाजू चिरत नेते.

फॉली वारंवार बंद पडत असेल तर काढलेल्या नळीचं टोक बोटांत चोळून बघा. वाळूसारखं कचकच लागलं तर क्षार जमलेत. प्रोटियससारखे जंतू लघवीतल्या युरियाचं विघटन करून अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि क्षारांचे स्फटिक नळीच्या भोकांवर बसतात. सलग तीन नळ्या किती दिवसांनी बंद पडल्या ते लिहा. दहाव्या दिवशी बंद पडत असेल तर सातव्या-आठव्या दिवशी बदलायची, बंद पडायची वाट पाहायची नाही. लॅटेक्सची एरवी दोन ते चार आठवडे, पूर्ण सिलिकॉनची बारा आठवड्यांपर्यंत चालते, आणि सिलिकॉनचं आतलं भोक त्याच नंबरात मोठं असतं. सोबत सोनोग्राफी आणि एक्स-रे करून मूत्राशयात खडा आहे का ते बघाच. तो आत असेपर्यंत प्रत्येक नवी नळी बंद पडणार. फॉलीवाल्यांना पाणी जास्त लागतं, दिवसाला अडीच-तीन लिटर. संत्र्याचा रस, लिंबू-पाणी यातलं सायट्रेट स्फटिक उशिरा धरू देतं. संत्री इथे मिळतातच. मधुमेह असेल तेव्हा मात्र लिंबूच, साखर न घालता.

एप्रिल ते जून

पारा ४५ च्या पुढे गेला की वरचे सगळे आकडे बदलतात. किती प्यायचं हे आता लघवीवरून ठरवा: २४ तासांत दीड लिटरच्या खाली आली किंवा रंग गडद झाला तर कमी पडतंय. माठाचं पाणी, पन्हं, ताक चालतं. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. वरच्या इजेत शरीराच्या मोठ्या भागाला घाम येत नाही, आणि ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन उरलेला घामही कमी करतात. अशा माणसाला कूलर बंद पडलेल्या खोलीतही उष्माघात होऊ शकतो. त्याचा ताप लघवीच्या संसर्गाचा समजून अँटिबायोटिक सुरू होतं आणि तास वाया जातात. अंग तापलं, घाम नाही, माणूस गुंगीत आहे, तर ओलं फडकं आणि पंखा आधी, आणि लगेच कॅज्युअल्टी.

तपासणीला जाताना

युरोडायनॅमिक तपासणी (मूत्राशय भरत आतला दाब मोजायची) इजेनंतरचा शॉक उतरल्यावर, साधारण तिसऱ्या महिन्यात एकदा व्हायलाच हवी. गळती बदलली की पुन्हा. नागपुरात मेडिकलची (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची) सुपर स्पेशालिटी आणि मिहानमधलं एम्स, दोन्हीकडे युरोलॉजी विभाग आहे. तिथे ही तपासणी कुठे आणि कधी होते ते विचारा. रिपोर्टमध्ये चार गोष्टी मागून घ्या: किती मि.ली.ला आकुंचन सुरू होतं, गळताना आतला दाब किती, भिंत ताणते की ताठ आहे, आणि स्नायू उघडतो की आवळतो. संसर्ग असताना ही तपासणी करू नये. टी ६ च्या वरची इजा असेल तर चालू असताना बीपी बघत राहायला सांगा.

मूत्रपिंडांची सोनोग्राफी सहा महिने ते वर्षातून एकदा, सगळं ठीक असलं तरी. क्रिएटिनिन 'नॉर्मल' आलं म्हणून सोनोग्राफी टाळू नका. पायांचे स्नायू सुकलेले असल्यानं त्याचा आकडा मुळातच कमी येतो, मूत्रपिंड बरंच बिघडेपर्यंत तो वर जात नाही. वर्षानुवर्षं स्थिर असलेल्या माणसाला अचानक नवी गळती सुरू झाली, सोबत हात किंवा पाठ दुखू लागली, संवेदनेची रेषा वर सरकली, तर मूत्राशयापुरतं थांबू नका, मणक्याचा एमआरआय करायचा का ते विचारा.

सोनोग्राफीला नेहमीच्या नळीच्या वेळी, मूत्राशय भरलेलं ठेवून जा. पण डिसरिफ्लेक्सियाचा त्रास असेल तर ताटकळत बसू नका, आधी नंबर लावायला सांगा. आपली नळी, जेली, साबण, मोजपात्र सोबत न्या. आधी भरलेल्या मूत्राशयावर मूत्रपिंडं बघून घ्यायची, मग तिथेच नळीनं रिकामं करून किती निघाली ते मोजायचं आणि लगेच पुन्हा टेबलावर. उरलेली लघवी किती, हा आकडा त्यांना रिपोर्टमध्ये लिहायला सांगा. न सांगितल्यास तो बहुधा लिहिला जात नाही.